ब्लेंडरमध्ये कार्टून कॅरेक्टर: सावलीची कड आपल्या हातात कशी ठेवायची

ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर, आणि त्यात मॉडेलला कार्टूनसारखे सपाट रंग-सावली देणारं मटेरियल म्हणजे टून शेडर. यूट्यूबवर टून शेडर असं टाकलं की ढिगाने व्हिडिओ येतात, बहुतेक दहा-बारा मिनिटांचे, आणि खरं सांगायचं तर शेडर तेवढ्या वेळात होतोही, चार नोड (शेडर बनवायचे ठोकळे) एकमेकांना जोडायचे की झालं. पुढे मजा येते. तोच शेडर आपल्या कॅरेक्टरला लावला की गालावर तुटकी-फुटकी नक्षी उमटते, नाकाशेजारी डाग पडतो, लाइट जरा फिरवला की ओठाखाली अचानक मिशी. मग माणूस नोड बदलत बसतो, दुसरा व्हिडिओ, तिसरा व्हिडिओ, कुणीतरी विकत असलेला रेडीमेड शेडर. नोडची चूक नसते हो. सावली कुठे पडावी हे अजून कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून ती वाट्टेल तिथे पडते.

हे का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फोटोसारख्या रेंडरमध्ये (रेंडर म्हणजे मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेलं चित्र) उजेडाकडून अंधाराकडे जाताना मधे शेकडो छटा असतात, त्यामुळे मॉडेलमधले बारीक उंचवटे, कुठे एखादा पॉलिगॉन (मॉडेल ज्या तुकड्यांचं बनतं त्यातला एक) वाकडा बसलेला, हे त्या छटांमध्ये पचून जातं. टूनमध्ये आपण सगळ्या मधल्या छटा काढून टाकतो, एक उजेडाचा रंग, एक सावलीचा रंग, आणि मधे उरते ती फक्त कड. सगळी नजर त्या कडेवरच जाते. हाताने चित्र काढणारा माणूस ती कड फिजिक्स बघून काढत नाही, चेहरा छान दिसेल अशी काढतो. आपल्यालाही तेच करायचंय, फक्त मॉडेलकडून करून घ्यायचंय.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे: शाळेत जाणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी, तेल लावून चापून बसवलेले केस, वर दुमडून लाल रिबिनीने बांधलेल्या दोन वेण्या, पांढरा शर्ट आणि निळा पिनो. मॉडेलिंग इथे शिकवत नाही, तो वेगळा विषय. स्वतःचं साधं मॉडेल असेल तर उत्तम, नसेल तर फुकट मिळणारं घ्या, फक्त लायसन्स नीट वाचून घ्या.

काय काय लागतं

ब्लेंडर, फुकट आहे. ४.२ किंवा त्यापुढचं व्हर्जन धरून लिहितोय, जुन्यात काही बटणं दुसरीकडे असतील. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे काम होतं, कारण ब्लेंडरच्या दोन रेंडर इंजिनांपैकी आपण जलद असलेल्या ईव्हीमध्ये रेंडर करणार आहोत, सावकाश पण खऱ्यासारख्या सायकल्समध्ये नाही. हे लक्षात ठेवा, कारण ज्या नोडवर सगळं उभं आहे तो शेडर टू आरजीबी फक्त ईव्हीत चालतो. सायकल्स ठेवून बसलात तर सगळं काळं दिसेल आणि डोकं खाजवत बसाल. पेन टॅब्लेट असला तर बरं, नसला तर माउसवर भागतं. चित्र काढायला क्रिटा हे सॉफ्टवेअर टाकून घ्या, तेही फुकट.

पहिलं काम: चित्र

ब्लेंडरमध्ये मॉडेल समोरून आणि पाऊण बाजूने धरा, दोन स्क्रीनशॉट घ्या, क्रिटात उघडा, वर नवीन लेयर घेऊन हाताने सावली काढा. एकाच गडद रंगाने. हनुवटीखाली मान पूर्ण सावलीत, एका गालावरून खाली येणारी एक सलग रेघ, केसांच्या खाली कपाळावर पातळ पट्टी, नाकाला एक छोटा त्रिकोण किंवा काहीच नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि नव्वद टक्के लोक हे करत नाहीत, म्हणून मग त्यांना कळतच नाही की रेंडर चुकलंय का बरोबर आलंय. तुलना करायला हातात काहीतरी असलं पाहिजे ना.

त्याच वेळी तीन गोष्टी ठरवून टाका. छटा दोन की तीन? रेघ असणार की नसणार? असली तर सगळीकडे सारखी जाड की कमी-जास्त? याला बरोबर-चूक असं काही नाही. शि. द. फडणिसांची रंगीत हास्यचित्रं काढून बघा, रेघ नेमकी, रंग सपाट, सावलीवाचून काही अडत नाही. उलट २००७ साली आलेल्या टीम फोर्ट्रेस २ या गेममध्ये रेघच नाही, सगळा खेळ सावलीची कड आणि मागून येणाऱ्या उजेडावर, लायेनडेकर नावाच्या जुन्या अमेरिकन चित्रकारावरून त्यांनी ती स्टाइल बांधली होती. दोन्ही स्टायलाइज्डच. नवीन माणसाने दोन छटा आणि रेघ इथून सुरुवात करावी असं माझं मत, कारण त्यात चूक लगेच दिसते.

रंगाचं सेटिंग, जे सगळे विसरतात

रेंडर प्रॉपर्टीजमध्ये खाली कलर मॅनेजमेंट असतं. तिथे व्ह्यू ट्रान्सफॉर्म एजीएक्स असेल (४.० पासून तोच डिफॉल्ट आहे, त्याआधी फिल्मिक होता), ते बदलून स्टँडर्ड करा. एजीएक्स खऱ्यासारख्या प्रकाशासाठी बनवलंय, भडक उजेड मऊ करायला, आणि ते करताना तो तुमचा रंगही फिका करतो. रिबिनीला तुम्ही लालभडक निवडलेला असतो आणि रेंडरमध्ये ती धुऊन धुऊन विटलेली दिसते. आपल्याला जो रंग निवडला तोच पडद्यावर हवाय.

लाइट

एक सन लाइट. एकच. बाकी सगळे उडवा, आणि वर्ल्डची स्ट्रेंथ शून्य करा, नाहीतर आजूबाजूचा करडा उजेड सावलीत मिसळून आकडे बिघडवतो. सनची स्ट्रेंथ ३ च्या आसपास, अँगल शून्य. आणि आता एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल, सनच्या सेटिंगमधलं शॅडो हे टिकच काढून टाका.

सावल्यांवर एवढं बोलतोय आणि शॅडोच बंद? हो. सावल्या दोन प्रकारच्या असतात. एक, वस्तूची जी बाजू लाइटकडे पाठ करून आहे तिच्यावरची सावली. दुसरी, एका वस्तूची दुसरीवर पडलेली, म्हणजे नाकाची गालावर, वेणीची खांद्यावर. ते टिक काढलं की दुसरी जाते, पहिली राहते. आणि नवीन माणसाला छळते ती दुसरीच, दातेरी कडा, केसांच्या बटांची कपाळावर जाळी, डोळ्यात पापणीची सावली. ती आपण नंतर हवी तिथेच हाताने देऊ.

शेडर

मटेरियल नवीन घ्या, प्रिन्सिपल्ड डिलीट करा. मग डिफ्यूज बीएसडीएफ, त्यातून शेडर टू आरजीबी, त्यातून कलर रॅम्प. डिफ्यूजचा रंग शुभ्र पांढरा ठेवा, कारण इथे आपल्याला रंग नकोय, उजेड किती पडला एवढंच मोजायचंय. रॅम्पवर लिनिअर लिहिलेलं असतं ते कॉन्स्टंट करा, काळा ठिपका ० वर, पांढरा ०.४ वर. आता मॉडेल काळं-पांढरं दोनच रंगात दिसेल. रॅम्पचा आउटपुट एका मिक्स कलर नोडच्या फॅक्टरमध्ये घाला, ए मध्ये सावलीचा रंग, बी मध्ये उजेडाचा रंग, आणि तिथून एमिशनमधून मटेरियल आउटपुटला. झाला शेडर. याच्या कॉप्या करा, त्वचा, केस, शर्ट, पिनो, रिबीन, प्रत्येकाचे ए आणि बी वेगळे.

सावलीचा रंग म्हणजे उजेडाच्या रंगात काळा मिसळलेला नव्हे. तसं केलं की चित्र मळकट दिसतं, विशेषतः त्वचा, पोरगी आजारी वाटते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला सावली देताना रंग लाल-तपकिरीकडे सरकवा आणि सॅच्युरेशन थोडं वाढवा. पांढऱ्या शर्टाची सावली निळसर-जांभळट. निळ्या पिनोची अजून जांभळी. उजेड उबदार आणि सावली थंड ही चित्रकारांची जुनी युक्ती आहे, आणि १९९८ मध्ये गूच वगैरे मंडळींनी तांत्रिक चित्रांसाठी म्हणून ती कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये मांडली, गूच शेडिंग म्हणतात ते हेच. फक्त त्वचेला सरसकट निळी सावली देऊ नका, ते रात्रीच्या सीनला ठीक.

अजून एक. सगळ्या मटेरियलमध्ये पांढरा ठिपका ०.४ वरच हवा असं काही नाही. केसांना ०.५५ दिलं तर केसांवर सावली जास्त येते आणि चेहरा उठून दिसतो.

नॉर्मल्स, म्हणजे खरं काम

आता चेहरा बघा. तीच तुटकी नक्षी असणार. कारण असं, प्रत्येक पॉइंटवर किती उजेड हे ठरवताना कॉम्प्युटर त्या ठिकाणचा पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते बघतो, त्या दिशेला नॉर्मल म्हणतात. चेहऱ्यावर डोळ्याची खोबण, नाकपुडी, ओठ, गालाचं हाड, सगळीकडे दिशा सारखी बदलते, म्हणून कड नागमोडी होते. पण मजा अशी की नॉर्मल खोटे देता येतात. आकार चेहऱ्याचाच ठेवायचा आणि उजेडाला सांगायचं की हा गुळगुळीत अंडाकृती गोळा आहे.

कसं करायचं ते सांगतो. डोक्याएवढा यूव्ही स्फिअर घ्या, चेहऱ्याच्या जागी बसवा, थोडा उभट करा, हनुवटीकडे किंचित निमुळता, शेड स्मूथ. मग चेहऱ्याच्या मेशवर (बिंदू आणि पॉलिगॉनची जाळी) एक व्हर्टेक्स ग्रुप (निवडक बिंदूंचा गट) करा, कपाळ, गाल, नाक, हनुवटी त्यात, कान आणि मान नाही, आणि कडेला वेट (त्या बिंदूवर परिणाम किती, तो ० ते १ चा आकडा) हळूहळू शून्यावर आणा म्हणजे जोड दिसणार नाही. आता चेहऱ्याला डेटा ट्रान्सफर मॉडिफायर लावा (मॉडिफायर म्हणजे मूळ मेश तसाच ठेवून वरून लावलेला बदल). सोर्समध्ये तो स्फिअर, फेस कॉर्नर डेटा टिक करून त्यात कस्टम नॉर्मल्स, मॅपिंग नियरेस्ट फेस इंटरपोलेटेड, आणि खाली व्हर्टेक्स ग्रुपमध्ये आपला ग्रुप. स्फिअर रेंडरमधून लपवा. मेशवर सबडिव्हिजन (मेश गुळगुळीत करणारा मॉडिफायर) असेल तर डेटा ट्रान्सफर त्याच्या खाली, नंतर. (४.० किंवा जुनं व्हर्जन असेल तर मेशच्या सेटिंगमध्ये ऑटो स्मूथ चालू लागतं, नाहीतर काहीच बदलत नाही. ४.१ पासून ती भानगड गेली.)

लगेच फरक दिसेल. कड एका गालावरून सरळ खाली उतरलेली, एकच. सन लाइट हळूहळू फिरवून बघा, कड चेहऱ्यावरून पडदा सरकल्यासारखी सलग सरकली पाहिजे. कुठे तुटली, कुठे अचानक बेट उमटलं, तर तिथे स्फिअरचा आकार थोडा हलवा. स्फिअर रुंद केला की कड सरळ होते, पुढून फुगवला की गोलाई वाढते. इथे वेळ घालवा, अर्धा दिवस गेला तरी चालेल, पुढे पूर्ण कॅरेक्टरचं दिसणं यावर आहे. आधी काढलेलं क्रिटातलं चित्र शेजारी उघडं ठेवा.

कॅरेक्टर हलवायचं असेल तर स्फिअर डोक्याच्या बोनला (हलवण्यासाठी मॉडेलच्या आत बसवलेल्या हाडाला) पेरेंट करा, म्हणजे बांधून टाका, नाहीतर डोकं वळेल आणि नॉर्मल तिथेच राहतील. किंवा सगळं मनासारखं झाल्यावर मॉडिफायर अप्लाय करून टाका, पण मग त्यानंतर चेहऱ्याच्या मेशमध्ये कापाकापी करायची नाही, नॉर्मल बिघडतात. अप्लाय करायच्या आधी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह.

केसांनाही हेच. चापून बसवलेल्या केसांना एक मोठा गोळा पुरतो. वेण्यांना मात्र पूर्ण गोल केलं तर नळी दिसते, पेडांचा उठाव जातो, म्हणून तिथे मॉडिफायरची मिक्स फॅक्टर निम्म्यावर ठेवा, म्हणजे अर्धं खोटं अर्धं खरं.

हे घरगुती जुगाड आहे असं समजू नका. २०१४ ला जपानच्या आर्क सिस्टम वर्क्सने गिल्टी गिअर एक्सआरडी हा फायटिंग गेम काढला, पूर्ण थ्रीडी पण बघताना टूडी ॲनिमेच वाटतो, आणि २०१५ च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत त्यांच्या जुनिया मोतोमुरा या आर्टिस्टने सगळं उघड करून दाखवलं. नॉर्मल हाताने बदललेले, प्रत्येक कॅरेक्टरला त्याचा स्वतःचा वेगळा लाइट, आणि तो लाइटसुद्धा पोझप्रमाणे हाताने फिरवलेला. ते भाषण नेटवर मिळतं, इंग्रजीत आहे पण चित्रं बघून बरंच कळतं. माझ्या मते या विषयावर एवढं उपयोगी दुसरं काही नाही.

मान उजळ का दिसतेय

शॅडो बंद केल्यामुळे आता हनुवटीखालची मान चेहऱ्याइतकीच उजळ आहे, आणि डोकं हवेत तरंगल्यासारखं वाटतंय. इथे व्हर्टेक्स पेंट, म्हणजे मेशच्या बिंदूंवर थेट रंग भरणं, कामाला येतो. मेशला एक कलर ॲट्रिब्यूट द्या, सुरुवातीला सगळं पांढरं भरलंय ना ते बघा (काळं राहिलं तर अख्खी पोरगी सावलीत). मटेरियलमध्ये कलर ॲट्रिब्यूट नोड आणा आणि शेडर टू आरजीबीचा आउटपुट त्याने मल्टिप्लाय करून मगच रॅम्पमध्ये घाला.

आता जिथे गडद रंगवाल तिथे सावली लवकर येते. हिशोब सोपा आहे. रॅम्पची कड ०.४ वर आहे. मानेवर शेडरला मिळणारी किंमत ०.३ असेल तर पूर्ण उजेड पडला तरी १ गुणिले ०.३, कड ओलांडलीच जात नाही, म्हणजे मान कायमची सावलीत. नाकाच्या बाजूला ०.७ असेल तर तिथे उजेड ०.५७ च्या वर गेला तरच उजळ, एरवी सावली. म्हणजे पूर्ण काळं करायचं नाही, फक्त त्या जागेचा कल सावलीकडे झुकवायचा. मान, कानाच्या आतला भाग, शर्टाच्या कॉलरखाली, बाहीच्या आत, पिनोच्या चुण्यांच्या खाचा, वेणी जिथे दुमडून रिबिनीत शिरते ती जागा, एवढं रंगवलं की बास. पिकरमध्ये दिसणारा आकडा आणि नोडला पोचणारा आकडा एकच असेल असं धरू नका, रंगांची बदलाबदल मधे होते, डोळ्याने बघत रंगवा. गिल्टी गिअरवाल्यांनीही हेच व्हर्टेक्स कलरमध्ये साठवलं होतं, सावलीचा कल आणि रेघेची जाडी दोन्ही.

कपाळावर केसांची पातळ सावली हवी असेल तर केसांच्या खालच्या कडेची एक पट्टी वेगळा मेश म्हणून घ्या, त्वचेच्या किंचित वर ठेवा आणि सावलीचा सपाट रंग द्या. फसवाफसवी आहे, पण बघणाऱ्याला काय कळतंय.

रेघ

बाहेरची रेघ काढायची सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे मॉडेलची थोडी फुगवलेली काळी कॉपी, जिचा फक्त आतला भाग दिसतो. समोरचा भाग कॅमेऱ्याला दिसत नाही, मागचा कडेने डोकावतो, ती आपली रेघ. पद्धत जुनी आहे, गिल्टी गिअरमध्येही हीच.

आधी कंट्रोल ए करून स्केल अप्लाय करा, नाहीतर एका बाजूला रेघ जाड आणि दुसरीकडे बारीक येते. मग मटेरियलच्या यादीत शेवटी एक नवीन स्लॉट, त्यात फक्त एमिशन, गडद रंग, आणि सेटिंगमध्ये बॅकफेस कलिंग टिक. त्यानंतर सॉलिडिफाय मॉडिफायर: माणसाच्या खऱ्या उंचीचं मॉडेल असेल तर थिकनेस ०.००२ ते ०.००४ मीटर, ऑफसेट १, नॉर्मल्समध्ये फ्लिप टिक, रिम फिल काढून टाका, आणि मटेरियल ऑफसेट इतका द्या की तो गडद स्लॉटवर पोचेल. दोनच स्लॉट असतील तर १. जास्त असतील तर भलामोठा आकडा टाका, तो शेवटच्या स्लॉटवर थांबतो, म्हणूनच रेघेचं मटेरियल शेवटी ठेवायला सांगितलं.

मॉडेल अख्खं काळं झालं? बॅकफेस कलिंग राहिलंय. नाहीतर फ्लिप राहिलंय. तिसरं कारण म्हणजे मूळ मेशचे नॉर्मलच उलटे आहेत, एडिट मोडमध्ये सगळं सिलेक्ट करून शिफ्ट एन दाबा, पण हे डेटा ट्रान्सफर अप्लाय करण्याआधी.

सगळीकडे सारखी रेघ असली की चित्र यंत्रातून निघाल्यासारखं वाटतं. सॉलिडिफायमध्येच व्हर्टेक्स ग्रुप देता येतो, तो द्या आणि वेट पेंट करा. हनुवटी, डोक्याचा बाहेरचा घेर, वेणीची बाहेरची बाजू इथे पूर्ण जाड. पापण्या, ओठांचे कोपरे, नाकपुड्या, बोटांमधल्या फटी इथे जवळपास शून्य. ओठांच्या कोपऱ्यात ही कॉपी स्वतःलाच छेदते आणि काळा ठिपका येतो, लांबून तो कायम तोंडाला काहीतरी लागल्यासारखा दिसतो, वेट शून्य केलं की गेला. रेघेचा रंगही पूर्ण काळा नको, त्वचेशेजारी गडद तपकिरी, शर्टाला गडद निळा, केसांना जवळपास काळा चालेल. त्यासाठी भाग वेगवेगळे ऑब्जेक्ट असले तर काम सोपं.

आतल्या रेघा, म्हणजे कॉलरची कड, पिनोच्या चुण्या, वेणीचे पेड, या पद्धतीत येत नाहीत. नवीन असाल तर त्या सरळ टेक्स्चरमध्ये (मॉडेलवर चिकटवलेल्या चित्रात) रंगवा. फक्त जवळून बघितलं की टेक्स्चरमधली तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्यावर उपाय म्हणजे यूव्ही (मॉडेल उलगडून सपाट केलेला नकाशा) असा पसरवा की ती रेघ टेक्स्चरमध्ये अगदी आडवी किंवा उभी येईल, मॉडेलवर ती कितीही वळलेली असू दे. आडव्या-उभ्या रेघेला पायऱ्या पडत नाहीत, छोट्या टेक्स्चरमध्येही कडक राहते. पिनोच्या चुण्यांवर हे करून बघा, पट्ट्या तशाही सरळच असतात.

ब्लेंडरमध्ये फ्रीस्टाइल आहे, ग्रीज पेन्सिलचा लाइन आर्ट मॉडिफायर आहे, दोन्ही आतल्या रेघा आपोआप काढतात आणि छान काढतात, पण भारी मॉडेलवर लॅपटॉप रडतो. पोस्टर किंवा एकच चित्र करायचं असेल तर जरूर वापरा.

डोळे आणि केसांची चमक

डोळ्यांना लाइट लावूच नका. बुबुळ, पांढरा भाग, सगळं सपाट एमिशन, आणि डोळ्यातला चमकता ठिपका वेगळा छोटा मेश. पांढरा भाग शुभ्र नको, किंचित करडा-गुलाबी, आणि वरच्या पापणीखाली एक गडद पट्टी टेक्स्चरमध्ये. या एका पट्टीने डोळा खोबणीत बसल्यासारखा वाटतो.

तेल लावलेल्या केसांवर चमक हवीच, पण ती ग्लॉसी नोडने आणू नका, कॅमेरा हलला की पाऱ्यासारखी पळते. डोक्याभोवती एक वाकडीतिकडी पट्टी टेक्स्चरमध्ये हाताने रंगवा, खालची कड करवतीसारखी. आणि ती फक्त उजेडाच्या भागातच दिसेल अशी करा, म्हणजे रॅम्पच्या आउटपुटने गुणून. सावलीतही चमकणारे केस प्लास्टिकचे वाटतात.

हलवायचं असेल तर

थोडक्यात सांगतो. टून कॅरेक्टर सेकंदाला २४ फ्रेम एकदम गुळगुळीत हललं की पुन्हा थ्रीडीच वाटायला लागतं. ग्राफ एडिटरमध्ये स्टेप्ड इंटरपोलेशन नावाचा मॉडिफायर आहे, स्टेप साइज २ द्या, म्हणजे प्रत्येक पोझ दोन फ्रेम टिकते, सेकंदाला १२ पोझ. कॅमेऱ्याला हे लावू नका, कॅमेरा गुळगुळीतच हवा, नाहीतर व्हिडिओ अडकतोय असं वाटतं.

रेंडर आणि बाहेर नेणं

पीएनजीत सेव्ह करा. जेपेगमध्ये सपाट रंगाच्या कडेला, रेघेशेजारी, मच्छर बसल्यासारखी घाण येते. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये फिल्मखाली फिल्टर साइज १.५ असतो, तो १ च्या जवळ आणला की रेघ कडक होते. मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं तर तेवढी मेहनत केलेली कड पिठात जाते.

गेम इंजिनमध्ये न्यायचं असेल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण हे शेवटी कळलं की फार चिडचिड होते. युनिटी असो, गोडो असो, तुमचे नोड तिकडे जात नाहीत. एफबीएक्स किंवा जीएलटीएफ फाइलमधून मेश जातो, नॉर्मल जातात, व्हर्टेक्स कलर जातात, टेक्स्चर जातं. शेडर तिथे नव्याने बांधावा लागतो. पण बघा ना, चेहऱ्याच्या नॉर्मलवर आणि मानेच्या रंगावर घालवलेला वेळ सगळा बरोबर जातो, राहतात ते चार नोड. व्हीआरएम फॉरमॅटमध्ये अवतार करत असाल तर तिथे एमटून नावाचा तयार शेडर मिळतो, त्यात सावलीचा रंग आणि कड दोन्ही सेट करता येतात.

आणि एक पुढची पायरी, पहिलं कॅरेक्टर झाल्यावर. डिफ्यूज नोडने मोजलेला उजेड लाइटकडे पाठ असलेल्या भागात सरळ शून्य होतो, त्यामुळे कड अर्ध्या गोळ्याच्या पलीकडे ढकलताच येत नाही, रॅम्प कितीही सरकवा. तेव्हा नॉर्मल आणि लाइटची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा) स्वतःच काढा, व्हेक्टर मॅथ नोडने, तो उणे १ ते १ येतो, त्याला ०.५ ने गुणून ०.५ मिळवा म्हणजे ० ते १ होतो. हाफ लॅम्बर्ट म्हणतात याला, व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ च्या हाफ-लाइफ गेमसाठी काढलेली युक्ती. मग कड पूर्ण मागपर्यंत नेता येते, खरा लाइट लागतच नाही, सायकल्समध्येही चालतं, आणि दिशा एका एम्प्टीवरून (रेंडरमध्ये न दिसणारा रिकामा ऑब्जेक्ट) ड्रायव्हरने (एक आकडा दुसऱ्याला बांधणारी सोय) घेतली की प्रत्येक कॅरेक्टरला स्वतःचा लाइट. वर्गात दोन मुली शेजारी बसल्यात आणि दोघींच्या चेहऱ्यावर वेगळ्या बाजूने सावली हवीय, तर एका सनने ते होणार नाही, असंच करावं लागेल.

सध्या मात्र सन लाइटवरच राहा. सगळं झालं की सन फिरवून १५-१५ अंशावर एकेक रेंडर काढा, छोटे करून एका पानावर शेजारी शेजारी लावा आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात बघा. ज्या रेंडरमध्ये चेहरा पटकन वाचता येत नाही त्या कोनावर परत जा, बहुतेक वेळा सावली डोळ्याच्या मधोमध चिरत गेलेली असते. तिथे व्हर्टेक्स पेंट थोडा बदलून भागेल, नाही भागलं तर तो कोन वापरायचाच नाही, लाइट दोन बोटं सरकवायचा.